जुनी मियाटा आयडलला थरथरते? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने तपासा

माझदाची एमएक्स-५ पहिल्यांदा लोकांनी पाहिली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. अमेरिकेत ती मियाटा, जपानात युनोस रोडस्टर. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस आठवते, पण अमेरिका-ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गाडीवेड्याने शनिवार-रविवारसाठी स्वस्तातली स्पोर्ट्स कार शोधायला घेतली की तो फिरून फिरून याच गाडीपाशी येतो. पॉप-अप हेडलाइटची पहिली पिढी १९९७ पर्यंत निघाली. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आज पंचविशी ओलांडून गेलेली आहे, आणि तिचे रबरी पाइप, प्लगच्या वायरी, सीलही अनेकदा तेवढेच जुने असतात.

हा लेख मुख्यतः १.६ लिटरच्या बी६-झेडई इंजिनाबद्दल आहे. अमेरिकेत ते १९९३ पर्यंतच्या गाड्यांत मिळतं, १९९४ पासून १.८ लिटरचं बीपी इंजिन आलं. दोन्ही चार सिलिंडरची, दोन कॅमशाफ्टची, सोळा व्हॉल्व्हची. तपासणीचा क्रम दोन्हींना सारखाच, आकडे आणि एक-दोन सेन्सर वेगळे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाचं सावकाश चालणं, बिघडलं की बहुतेक जण आधी थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आयडलचा स्क्रू फिरवतात. तो सगळ्यात शेवटी फिरवायचा स्क्रू आहे. आधीच्या एखाद्या मालकाने तो आणि त्याच्याजवळचा थ्रॉटल स्टॉप स्क्रू दोन्ही फिरवून ठेवले असतील, तर मूळ बिघाड झाकला जातो आणि नवा तयार होतो.

आधी बिघाडाची तऱ्हा ओळखा

"इंजिन नीट चालत नाही" एवढ्याने काही कळत नाही. थंड इंजिन सुरू करा, बॉनेट उघडा आणि पूर्ण गरम होईपर्यंत टॅकोमीटरकडे आणि आवाजाकडे लक्ष ठेवा.

ठरावीक तालात एक धक्का, एक्झॉस्टमधून "फट्… फट्" असा आवाज: एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे नीट पेटत नाहीये. काटा ८०० वरून १५०० वर, परत खाली, परत वर, असा झोके खातोय: हे हंटिंग, जास्तीची हवा कुठून तरी आत शिरतेय. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर बंद पडते, किंवा याच्या उलट: तापमानाचा सेन्सर किंवा आयडलचा व्हॉल्व्ह. हेडलाइट वर येताना, एसी लावताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना इंजिन बसतं: आयडल सावरणारी यंत्रणा किंवा चार्जिंग. आणि काटा ८५० वर अगदी स्थिर, आवाज एकसारखा, तरी सीट आणि आरसा थरथरतोय: तिथे इंजिनात काही शोधू नका, इंजिन माउंटचं रबर बसलेलं असतं. या शेवटच्या बाबतीत लोक प्लगपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलून मोकळे होतात.

आयडलला वाईट पण ३००० आरपीएमला मस्त, असं असेल तर बहुधा हवेची गळती. हवेचं छिद्र तेवढंच राहतं. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढत असल्यामुळे तिथे ते फार जाणवतं, वर गेलं की त्याचा वाटा नगण्य होतो. उलट, लोड आल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर झटके मारत असेल तर स्पार्ककडे किंवा पेट्रोलकडे वळा.

लागणारी हत्यारं

मल्टिमीटर, टायमिंग लाइट, फीलर गेज, व्हॅक्यूम गेज, कॉम्प्रेशन गेज, १२ चा पाना, प्लगचा सॉकेट आणि दोन्ही टोकं सोललेला वायरचा एक तुकडा. या गाडीची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे टायमिंग लाइटचे चिमटे तिथवर पोचत नाहीत. एखादी छोटी १२ व्होल्टची बॅटरी बॉनेटजवळ ठेवली की काम होतं. इंजिन चालवून करायच्या सगळ्या तपासण्या उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही.

कोड वाचा, पण त्यावर विसंबू नका

इंजिनच्या कप्प्यात, गाडीत बसल्यावर डाव्या हाताला येईल त्या बाजूला "डायग्नोसिस" लिहिलेली छोटी काळी पेटी आहे. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिनांचा नकाशा दिसतो. इग्निशन बंद ठेवून टेन (TEN) आणि जीएनडी (GND) या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, मग इग्निशन चालू करा, इंजिन नाही. अमेरिकन गाडीत डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा उघडझाप करायला लागतो: लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. ब्रिटनच्या गाड्यांत हा दिवा नसतो. तिथे एफईएन (FEN) आणि बी+ (B+) या पिनांमध्ये छोटा टेस्ट लॅम्प लावून उघडझाप मोजायची. अमेरिकेतल्या १९९६-९७ च्या गाड्यांना साधा ओबीडी-२ स्कॅनर चालतो.

आयडलशी संबंध येणारे कोड असे: ०२ आणि ०३ कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट किती फिरला ते सांगणारा), ०८ एअरफ्लो मीटर, ०९ कूलंट तापमान, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १२ थ्रॉटल पोझिशन, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सर, २६ पर्ज सोलेनॉइड (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), ३४ आयडल स्पीडचा व्हॉल्व्ह. कोड पुसायला बॅटरीची निगेटिव्ह काढून वीसेक सेकंद ब्रेक पेडल दाबून धरायचं.

१९८९ सालच्या कॉम्प्युटरला फक्त तुटलेली वायर किंवा भलताच सिग्नल कळतो. फाटका पाइप, मेलेला प्लग, एक दात सरकलेला टायमिंग बेल्ट हे त्याला दिसतच नाही. कोड १७ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ. त्या कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण एका बाजूला झुकलेलं आहे आणि कॉम्प्युटरला ते सावरता येत नाहीये. झुकवणारं कारण बहुतेकदा दुसरीकडेच असतं.

हवा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

१.६ मधलं एअरफ्लो मीटर म्हणजे एक झडप. हवा आत जाताना ती झडप ढकलते, झडप किती उघडली त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. म्हणून मीटरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठूनही हवा आत आली तर ती मोजलीच जात नाही. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ आणि इंजिन मिसिंग. मेकॅनिकच्या भाषेत "एअर घेतंय".

हंटिंगही इथूनच सुरू होतं. जास्तीच्या हवेने आरपीएम चढतात. थ्रॉटल बंद असताना आरपीएम वर आहेत म्हणजे गाडी उतारावर असावी असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. इंजिन खाली येतं, पेट्रोल परत सुरू होतं, परत चढतं.

पहिला संशयित म्हणजे एअरफ्लो मीटरपासून इंजिनच्या पुढून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा जाड रबरी पाइप. त्याला घड्या असतात आणि चीर नेमकी घडीच्या तळाशी, खालच्या बाजूला पडते, वरून बघून दिसत नाही. इंजिन आयडलला असताना पाइप हाताने वाकवून बघा; आवाज बदलला तर पाइप काढा, प्रकाशासमोर धरा, प्रत्येक घडी ताणून बघा. टेप गुंडाळणं हा तात्पुरता उपाय. तेलाची वाफ लागलेल्या रबराला टेप धरत नाही.

मग तेलाचं झाकण. आयडलला चालू असताना ते काढा. निरोगी १.६ इंजिन लगेच अडखळायला हवं, कारण पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, वाटेने न मोजलेली हवा आत शिरते. झाकण काढूनही काहीच फरक पडला नाही तर दोनपैकी एक: पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलाय, किंवा आधीच इतकी हवा गळतेय की आणखी थोडीने काही बिघडत नाही. याच कारणाने झाकणाचं कडक झालेलं रबर किंवा नीट न बसलेली डिपस्टिकही आयडल बिघडवू शकते. डिपस्टिकसारख्या किरकोळ गोष्टीने गाडी बंद पडते यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण या मीटरच्या गाडीत ते अगदी तर्काला धरून आहे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, आतून खडखड आवाज आला पाहिजे. भाग स्वस्त आहे, शंका आली तरी बदला, आणि सोबत त्याचं रबरी बूचही. ते कडक होऊन कडेने हवा घेतं.

ब्रेक बूस्टरसाठी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं किंवा दाबताना आयडल बदललं तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा पाइपमधला एकेरी व्हॉल्व्ह बघा. पर्जचा पाइप आणि बाकीच्या बारीक नळ्या एकेक करून पक्कडीने दाबा, दातांना कापड गुंडाळून. ज्या नळीला दाबल्यावर आयडल सुधारतं ती धरा.

मॅनिफोल्डची गॅस्केट आणि इंजेक्टरच्या खालच्या रबरी रिंगा यांच्यासाठी जोडाच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा. गळतीवर पाणी पडलं की ती क्षणभर बंद होते आणि आवाज बदलतो. कार्ब क्लीनरने उत्तर जास्त स्पष्ट मिळतं, पण जवळच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि प्लगच्या जुन्या वायरी असताना पेटणारा फवारा मारणं शहाणपणाचं नाही. सगळं करूनही गळती सापडत नसेल तर स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर सोडतात, जिथून तो बाहेर येतो ती जागा डोळ्याला दिसते.

आता खुद्द मीटर. पाइप सैल करून झडप बोटाने हळूच ढकला: मऊ सरकायला हवी, कुठे अडकायला नको, सोडल्यावर आपोआप पूर्ण बंद व्हायला हवी. १.६ मध्ये पेट्रोल पंपाचा स्विचही याच मीटरमध्ये आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना झडप उघडली की मागून पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. झडप चिकटत असेल किंवा पाइप मोठा फाटला असेल तर ती मिटते, पंप थांबतो आणि गाडी सिग्नलला निपचित बंद पडते. अशा गाडीला पंप बदलून काहीच उपयोग होत नाही. १.८ मध्ये झडप नाही, तापलेल्या तारेचं मीटर आहे, आणि पंप कॉम्प्युटर चालवतो.

स्पार्क

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नाही. दोन कॉइल हेडच्या मागे बसवलेल्या असतात. एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला स्पार्क देते. सिलिंडर रेडिएटरच्या बाजूने मोजायचे, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ही जोडीची रचना निदानाला फार सोयीची आहे: १ आणि ४ दोन्ही मेलेले असतील तर त्यांची कॉइल किंवा तिची वायरिंग, एकटाच सिलिंडर मेला असेल तर प्लग, त्याची वायर, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला एकेक बंद करून बघायचं. त्याआधी टेन-जीएनडी जोडून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर आयडल सावरायला मध्ये पडणार नाही. प्लगची वायर उपटण्यापेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर काढणं चांगलं: वायर उपटली तर स्पार्कला वाट न मिळाल्याने कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. १.६ मध्ये इंजेक्टर इनटेकच्या नळ्यांखाली दडलेले असल्याने हात घालायला जागा कमी आहे, घाई करू नका. जुन्या कनेक्टरची कडी ठिसूळ असते. जो काढल्यावर आरपीएममध्ये फरकच पडत नाही तो दोषी सिलिंडर.

प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड किंवा स्पार्क अशक्त. पांढराफटक म्हणजे पातळ. तेलकट म्हणजे तेल आत येतंय. मात्र प्लगच्या विहिरीत वरून साचलेलं तेल वेगळं. ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून येतं, वायरीचं बूट फुगवतं आणि स्पार्क बाहेरच्या बाहेर धातूला उडतो. ते तेल पुसून गॅस्केट आणि वायरी दोन्ही बदला. फक्त वायरी बदलल्या तर नव्याही तशाच खराब होतात.

प्लग एनजीके बीकेआर५ई-११ किंवा एक पायरी थंड बीकेआर६ई-११, गॅप १.० ते १.१ मि.मी., घट्टपणा १५ ते २३ न्यूटन-मीटर. हेड ॲल्युमिनियमचं आहे. थंड इंजिनात, आधी हाताने आटे बसवून मगच सॉकेट लावा.

वायरी हा या गाडीचा कायमचा दुखरा भाग. काळोखात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळे धागे नाचताना दिसले तर पूर्ण सेट बदलायचा. मल्टिमीटरवर मूळ प्रकारच्या वायरीचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला १६ किलोओहमच्या आसपास येतो. बाजारातल्या वायरींचा आकडा वेगळा असू शकतो, पण चारांतली एक भलतीच वेगळी दिसली की समजायचं. कॉइलची प्रायमरी जेमतेम ०.८ ते ०.९ ओहम, सेकंडरी ११ ते १५ किलोओहम. कॉइल मल्टिमीटरवर बरोबर दाखवून गरम झाल्यावर दगा देऊ शकते, म्हणून मोजमाप गाडी गरम असतानाही करा.

बेस टायमिंग आणि मग आयडल

बेस टायमिंग म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क पडतो ते. हवा आणि स्पार्क मार्गी लागल्याशिवाय इथे येऊ नका. इंजिन पूर्ण गरम, दिवे-ब्लोअर-एसी सगळं बंद, गिअर न्यूट्रल, रेडिएटरचा पंखा थांबलेला. टेन-जीएनडी जोडा. टायमिंग लाइटचा चिमटा १ नंबरच्या वायरीवर लावा. जोडीच्या कॉइलमुळे प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो, त्यामुळे काही डायलवाल्या लाइट चुकीचा आकडा दाखवतात. डायल शून्यावर ठेवून थेट कव्हरवरच्या खुणा वाचा. पुलीवरच्या खाचेला आधी पांढरा ठिपका लावून घ्या.

खूण १० अंशांवर हवी, एक अंश इकडे-तिकडे चालतं. नसेल तर हेडच्या मागच्या टोकाला बसलेल्या कॅम अँगल सेन्सरचा १२ चा बोल्ट थोडा सैल करून सेन्सर अगदी हलक्या हाताने फिरवा, बोल्ट आवळून परत तपासा. याच सेन्सरची ओ-रिंग गळून हेडच्या मागून तेल उतरतं. हात तिथे गेलाच आहे तर तीही बघून घ्या. बरेच हौशी मालक पिकअपसाठी १४ अंशांवर ठेवतात. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल असेल तर ते चालतं, पण निदान करताना १० वरच ठेवा.

आता आयडल. थ्रॉटल बॉडीच्या वर काळ्या रबरी टोपीखाली चपटा स्क्रू आहे. आत फिरवला की हवा कमी, आरपीएम कमी. ८५० ला आणा, ५० वर-खाली चालेल. टेन-जीएनडी जोडणारी वायर काढल्यावर टायमिंगची खूण नाचायला लागेल, घाबरू नका. स्पार्क मागेपुढे करून आयडल स्थिर ठेवण्याची ती कॉम्प्युटरची पद्धत आहे. स्क्रू पूर्ण आत जाऊनही आरपीएम उतरत नसतील तर कुठे तरी गळती राहिली आहे, किंवा थ्रॉटल स्टॉप स्क्रू कुणी तरी छेडलाय, किंवा ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे. केबल आधी बघा.

आयडलचा व्हॉल्व्ह, थ्रॉटल स्विच, तापमान

थ्रॉटल बॉडीच्या बुडाशी आयडल स्पीडचा व्हॉल्व्ह आहे. त्यात दोन भाग: कूलंटच्या उष्णतेने फुगणारं मेण, जे थंड इंजिनाला जास्त हवा देतं, आणि कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं सोलेनॉइड. गरम इंजिनात त्याचा कनेक्टर काढल्यावर आरपीएम उतरले पाहिजेत. काहीच झालं नाही तर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजा, थंड असताना साधारण ११-१२ ओहम. आकडा बरोबर असेल तर बहुधा काजळीने अडकलाय. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरने धुवा, नवी गॅस्केट घाला. कूलंट कमी असेल तर मेणापर्यंत उष्णताच पोचत नाही आणि आयडल चढलेलं राहतं. हे तपासायला पैसे लागत नाहीत, रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडायचं एवढंच.

१.६ च्या मॅन्युअल गिअरच्या गाडीत थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणजे साधा स्विच असतो. थ्रॉटलचा लिव्हर आणि स्टॉप स्क्रू यांच्यात ०.४ मि.मी.चं फीलर घातल्यावर आयडलचा संपर्क जुळलेला हवा, ०.७ मि.मी. घातल्यावर तुटलेला. चुकला असेल तर सेन्सरचे दोन स्क्रू सैल करून फिरवा. हा संपर्क जुळत नसेल तर पाय काढलाय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, आणि क्लच दाबून सिग्नलजवळ येताना गाडी बंद पडते.

कूलंट तापमानाचा सेन्सर हेडच्या मागे, दोन वायरींचा. डॅशबोर्डच्या काट्याचा एका वायरीचा असतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. काटा बरोबर दाखवतो म्हणून सेन्सर ठीक, असा हिशेब करू नका. २० अंश सेल्सिअसला २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.२९ ते ०.३५. वायर तुटली तर कॉम्प्युटरला कोड देता येतो, पण सेन्सर नुसताच चुकीचं सांगत असेल तर कोड येत नाही, आणि गरम इंजिन थंड समजून तो पेट्रोल ओतत राहतो.

दिवे लावताना आयडल बसत असेल तर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवं. इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टीही बघा. क्लचचं काम झाल्यावर ती परत जोडायची राहून जाते.

पेट्रोल

गाडी सहा-आठ महिने उभी असेल तर आधी टाकीतलं पेट्रोल बदला, मग पुढचं बोला. फिल्टर गाडीच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आहे. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून वास घ्या. नळीत पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन ते पेट्रोल पितंय.

प्रेशर मोजायला या गाडीच्या रेलवर टेस्ट व्हॉल्व्ह नाही, गेज टी-जोडाने येणाऱ्या पाइपमध्ये घालावा लागतो. पाइप काढण्याआधी इंजिन चालू ठेवून सर्किट ओपनिंग रिलेचा कनेक्टर काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग गेज आणि रिले जोडून, आयडलला ३० ते ३७ पीएसआय, रेग्युलेटरची नळी काढल्यावर ३८ ते ४६. इंजिन न चालवता पंप फिरवायचा असेल तर डायग्नोसिस पेटीत एफ/पी आणि जीएनडी जोडून इग्निशन चालू करा. इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम. तो बरोबर असूनही सिलिंडर मेलेला असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून टकटक ऐका. टकटक आहे पण आग नाही, तर चारही काढून स्वच्छ करून फ्लो टेस्टला द्या.

यांत्रिक बाजू

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. समुद्रसपाटीजवळ, गरम इंजिनाला, काटा १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर हवा. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा, म्हणजे डेनव्हरसारख्या उंचावरच्या ठिकाणी कमी आकड्याने दचकायला होणार नाही. काटा तालात एकदाच झटका देतोय तर एका व्हॉल्व्हचा किंवा सिलिंडरचा दोष. स्थिर पण कमी, तर कॅम टायमिंग. २५०० वर धरून ठेवल्यावर हळूहळू घसरत गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला.

कॉम्प्रेशनसाठी इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढलेला. त्याने स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात. थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज असू द्या, काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. १.६ ला १९२ पीएसआय उत्तम, १३५ किमान, आणि सिलिंडरांमधला फरक २८ पेक्षा जास्त नको. १.८ चे आकडे थोडे खाली, १८२ आणि १२८. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा: वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

चारही सिलिंडर सारखेच थोडे कमी आणि पिकअपही मेलेला असेल, विशेषतः नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर बेल्ट एक दात चुकलाय का ते बघा. वरचं कव्हर काढून १ नंबर सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, आणा, दोन्ही कॅम पुलींवरच्या आय (I) आणि ई (E) खुणा जुळवा आणि त्या दोन खुणांमध्ये बेल्टचे दात मोजा. १९ असायला हवेत. बेल्टची मुदत साधारण १ लाख किलोमीटर. सुदैवाने या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आदळत नाही.

१९८९ पासून १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ गाड्यांची आणखी एक भानगड आहे. त्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड. बोल्ट सैल पडला की चावी, म्हणजे पुली क्रँकवर जखडून ठेवणारी धातूची पट्टी, आपली खाच कुरतडते, पुली हलते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. पुढच्या पुलीच्या मधल्या भागावर चार खाचा दिसल्या तर आखूड टोकाचा क्रँक, आठ दिसल्या तर सुधारलेला. चार खाचांच्या गाडीत टायमिंग नीट लावूनही काही दिवसांत परत मागे सरकत असेल, तर इंजिन आयडलला ठेवून पुलीकडे बाजूने बघा. ती डोलताना दिसली की गाडी चालवणं तिथेच थांबवा आणि बोल्ट, चावी, खाच उघडून बघितल्याशिवाय परत सुरू करू नका. नुसता बोल्ट आवळला तर तो परत सैल पडतो.

थंड सुरू केल्यावर वरून येणारी बारीक टिकटिक हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टरची (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढणाऱ्या भागांची). मिनिटभरात थांबली तर सोडून द्या. आयडल बिघडवणारं कारण ते सहसा नसतं. गरम झाल्यावरही सुरूच राहिली तर ऑइल आणि फिल्टर बदला, १०डब्ल्यू-३०, आणि पाच-सहाशे किलोमीटर चालवून परत ऐका.